पाळी सरली की ये

आमच्या गावचे गुरुजी दिवाळी अंकाचं काम बघतात. ते घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "सिस्टर, नोकरीत किती बाळंतपणं केलीत, पुराच्या पाण्यातून होडीनं कशा गेलात, ते लिहा. लोकांना असलं आवडतं." मी म्हटलं, गुरुजी, उजनी धरणाचं पाणी आमच्या परसदारी आलेलं असलं तरी मी जन्मात होडीत बसलेली नाही, मला पाण्याची भीती वाटते. आणि बाळंतपणं बायकांनी केली. मी हातमोजे घालून उभी होते आणि "जोर लाव" म्हणून ओरडत होते.

गुरुजी जरा हिरमुसले. मग म्हणाले, "बरं, जे आठवतंय ते लिहा." आठवतं पुष्कळ. पण निवृत्त झाल्यापासून दुपारी आडवी झाले की जे डोक्यात घोळतं, ते मला अजून नीट उलगडलेलं नाही. न उलगडलेलं छापायला द्यावं का, हेही कळत नाही. तरी लिहिते.

आधी माझं काम सांगते. मी आरोग्य सेविका होते. भिगवण, डाळज आणि आसपासच्या वाड्यावस्त्या माझ्याकडे. सगळ्यात खालच्या पायरीवरचं सरकारी आरोग्य म्हणजे उपकेंद्र. दोन खोल्या, एक तपासणीचं टेबल, लसींचा डबा आणि मी. माझ्या वर प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथे डॉक्टर. त्याच्या वर इंदापूरचा दवाखाना, मग बारामतीचा मोठा दवाखाना, मग पुणं. पेशंट चिठ्ठी घेऊन एकेक पायरी चढत जातो. चिठ्ठीवर काय लिहिलंय त्यावर त्याचं नशीब.

आणि आमचं नशीब रजिस्टरावर. गरोदर बायांचं रजिस्टर, लसीकरणाचं रजिस्टर, मूल नको म्हणून तांबी बसवलेल्यांचं, ऑपरेशन झालेल्यांचं, तापाचं, कुत्रं चावलेल्यांचं. महिनाअखेरीला सगळ्याची बेरीज करून अहवाल 'वर' पाठवायचा. बाई गरोदर असली तर तिच्या वजनापासून धनुर्वाताच्या सुईपर्यंत सगळ्याला रकाने. पण बाई गरोदर नाही, बाळंत नाही, आणि तिचं पोट दुखतंय, तर ती जायची 'इतर' मध्ये. त्याच 'इतर' मध्ये पायात बाभळीचा काटा मोडलेला गडीही असायचा, आणि घशात माशाचा काटा अडकलेला पाहुणाही. भिगवणला मासे खायला लांबून माणसं येतात, त्यामुळे काटेवाले पाहुणे बरेच.

एकदा भर दुपारी एक जण मोटरसायकल चालूच ठेवून दारात उभा राहिला. "सिस्टर, येक सुई द्या."

"कुणाला?"

"मंडळीला. तिचं प्वाट दुखतंय."

"मंडळी कुठंय?"

"घरी. तिला कशाला आणायची? मी टोचतो की. म्हशीला मीच टोचतो."

मी त्याला जे फैलावर घेतलं ते विचारू नका. बाई म्हणजे म्हैस का, न बघता सुई देतात का, असं सगळं झालं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरं, मंग गोळी द्या." आणि मी त्याला गोळी दिली! तो गेल्यावर डोक्यात आलं की न बघता गोळी मीही दिलीच. त्यानं निदान बायकोला बघितलं तरी होतं.

पाळीत पोट दुखणाऱ्या बाईला सांगायची उत्तरं आमच्याकडे वयाप्रमाणे ठरलेली. कुमारिकेला सांगायचं, लगीन झालं की थांबतंय. लग्न झालेलीला, लेकरू झालं की थांबतंय. आणि लेकरं झाली तरी थांबलं नाही तर पिशवी काढली की थांबतंय. पिशवी म्हणजे गर्भाशय. यातली पहिली दोन उत्तरं मी स्वतः किती जणींना दिली याची गणतीच नाही. तिसरं देत नव्हते, पण कुणी दिलं तर मान हलवत होते. माझी स्वतःची पाळी दारावरून पोस्टमन गेल्यासारखी यायची आणि जायची. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, म्हणतात ते खरं. मला वाटायचं, या बाया जरा जास्तच करतात.

आणि एक माझं ठरलेलं वाक्य होतं. बाई पोट धरून आली की विचारायचं, "पाळी आलीय का?" व्हय म्हणाली की गोळी हातावर ठेवायची आणि सांगायचं, "पाळी सरली की ये, मग डॉक्टरांना दाखवू." हे वाक्य लक्षात ठेवा.

आता शकुंतलाचं सांगते, कारण घोटाळा तिच्यापासून सुरू झाला. शकुंतला हायवेच्या कडेला एका हॉटेलात मासे तळायची. कढईसमोर दिवसभर उभी. तिची पिशवी काढून तीन वर्षं झाली होती. पाळी नाही, काही नाही. आणि ही बाई दर महिन्याला दोन दिवस पोट धरून माझ्या पायरीवर येऊन बसायची.

"शकुंतला, पिशवीच नाही तर आता दुखतं काय?"

"त्येच तर इचारती मी तुमाला," ती म्हणायची. "घर पाडलं, तरी भाडेकरू हाय तितंच."

मी तिला गॅसची गोळी द्यायचे. दुसरं काय देणार? पण ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर हळदीचं बोट लावून ठेवायची. एकदा तिच्या घरी गेले तेव्हा पाहिलं, बोटं बरोबर महिन्याच्या अंतरानं. पाळी गेलेली, पण दुखणं तारखेला हजर. मी ती बोटं पुन्हा मोजून पाहिली. शिकले होते त्यात असं कुठं नव्हतं. मी ते कुणाला विचारलंही नाही, कारण विचारलं तर हसतील असं वाटलं.

त्याच वर्षी आमची आशा कार्यकर्ती लता सांगत आली, "सिस्टर, डाळजच्या मनीषाची पिशवी काढायचं ठरलंय. दोडक्याचा प्लॉट संपला की."

मनीषाला मी चांगली ओळखत होते. तिच्या मुलीच्या, परीच्या वेळी मीच तिच्याबरोबर होते. वय अठ्ठावीस. नवरा दत्ता, सासू पारूबाई, तीन एकर बागायत. दोडका, वांगी, मिरची. दोडक्याचा तोडा एक दिवसाआड असतो, चुकला तर माल जून होतो. म्हणून ऑपरेशनही दोडक्याच्या हिशोबानं.

मी गेले तेव्हा ती मांडवाखाली क्रेट भरत होती. बरी दिसत होती. मला बघून हसली. घरात नेऊन तिनं साड्यांच्या दुकानाची एक पिशवी माझ्यासमोर रिकामी केली. पाच सोनोग्राफ्या, सगळ्या नॉर्मल. दोन वर्षांपूर्वी अपेंडिक्स काढल्याचे कागद. चोर सोडून संन्याशाला सुळी, म्हणतात तसं झालं होतं. त्यानंतर मुतखडा म्हणून भांडं भांडं पाणी पिऊन झालं होतं. देवऋषी झाला होता. आता एका खासगी डॉक्टरांनी सांगितलं होतं, पिशवी काढू, कटकट संपेल. ते डॉक्टर काही वाईट नव्हते. त्यांनाही कळत नव्हतं, फक्त ते तसं म्हणाले नाहीत.

"तुझं काय म्हणणं?" मी विचारलं.

मनीषानं दाराकडे बघितलं. "सिस्टर, मला दोन दिस मरणाचं दुखतंय. संडासला बसलं तरी सुरी फिरवल्यावानी व्हतंय. ह्यांनी रातचं जवळ घ्याया नगं वाटतंय. पर पिशवी न्हाय द्यायची मला. माझ्या आईची काढली तवा ती पस्तिशीची हुती. दोन वर्सात म्हातारी झाली. मला अजून येक लेकरू पायजे. आन दुखणंबी नगं. ह्यातलं कायतरी येकच मिळतंय म्हनत्यात."

पारूबाई बाहेरून ऐकत होत्या. त्या आत आल्या. "सिस्टर, मी काय तिची वैरीण हाय का? बघवत न्हाय मला. गुरावानी लोळती जमिनीवर. येक लेक दिलीय देवानं, बास. माणूस जगलं पायजे." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तोवर मनात पारूबाईंना खलनायिका करून ठेवलं होतं, ते बारगळलं.

मला शकुंतलाचं कॅलेंडर आठवलं. मी म्हटलं, "पिशवी काढूनही दुखणं राहिलं तर?"

"राहील कसं?" पारूबाई म्हणाल्या. "मूळच न्हाय तर."

मी एवढंच म्हटलं की दोडका संपायला अजून अडीच-तीन महिने आहेत, तोवर मला सरकारी डॉक्टरांना दाखवू द्या. त्या तयार झाल्या. आणि मी, नेहमीसारखी, मनीषाला म्हणाले, "पाळी सरली की ये."

आमच्या आरोग्य केंद्रातले डॉक्टर तरुण होते, मन लावून काम करायचे. त्यांनी तिचं पोट दाबून पाहिलं. काही नाही. म्हणाले, "चिठ्ठी देतो, पण आजार काय लिहू?"

"दुखतंय, असं लिहा."

"सिस्टर, दुखणं हा आजार नसतो. ते लक्षण असतं."

"मग लक्षण लिहा," मी म्हटलं. त्यांनी लिहिलं.

इंदापूरला बायकांचे डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे. त्या दिवशी आले नाहीत. पुढच्या आठवड्यात आले, सोनोग्राफी केली, सहावी, नॉर्मल. रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. बारामतीला गेलो. अर्धा दिवस रांगेत, मग एका तरुण लेडी डॉक्टरांनी तपासलं. काही सापडलं नाही. परत आलो तेव्हा दत्ता अंगणातच उभा होता. "काय म्हनले?"

"नॉर्मल," मी म्हटलं.

"म्हंजे सरकारी मानसांनीबी सांगितलं कायबी न्हाय म्हनून." तो चिडून बोलला नाही, दमून बोलला. मनीषा माझ्याकडे बघून म्हणाली, "बघा. मीच खोटी." आणि क्रेट उचलायला गेली. मी तिच्या भल्यासाठी धडपडत होते आणि तिच्या विरुद्धचा पुरावाच गोळा करून देत होते. त्या दिवशी घरी येऊन मी जेवले नाही.

दोडक्याच्या वेली पिवळ्या पडायला लागल्या होत्या. मी पुढच्या महिन्यात पुन्हा तिला घेऊन बारामती गाठली. त्याच लेडी डॉक्टर. त्यांनी केसपेपर उलटे-सुलटे करून पाहिले. प्रत्येक कागदाच्या वरच्या कोपऱ्यात माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं: पाळी संपून तिसरा दिवस. पाळी संपून दहावा दिवस.

"हे तुम्ही लिहिता, सिस्टर?"

"हो मॅडम." मला वाटलं, शाबासकी मिळणार. आमच्याकडे इतकं व्यवस्थित कोण लिहितं?

"म्हणजे हिला दर वेळी बरी झाल्यावरच आणता?"

मी ते कागद पुन्हा वाचून पाहिले. दुखण्याच्या दिवसाचा एकही नव्हता.

हे माझ्या लक्षात का आलं नव्हतं? कारण सांगते, पटलं तर बघा. आमच्या नोकरीचं निम्मं आयुष्य तांबी बसवण्यात गेलं. तांबी पाळी सरता सरता बसवतात, म्हणजे पोटात गर्भ नाही याची खात्री असते. प्रशिक्षणात ते इतकं घोटून घेतलेलं, की बाई आणि टेबल एकत्र आलं की तोंडातून तेच निघायचं, पाळी सरली की ये. ते तांबीला बरोबर होतं. मी ते दुखण्यालाही लावलं, आणि बायांनाही ते सोयीचं होतं. पाळीत टेबलावर कोण चढणार, पुरुष डॉक्टरांपुढे कोण जाणार, चादर खराब झाली तर काय. सगळ्यांनी मिळून असा नियम केला की दुखणारी बाई डॉक्टरांना कधी दिसूच नये. मी एकटी नाही, आम्ही सगळ्याच सिस्टर हे वाक्य म्हणायचो.

"आता दुखायला लागेल त्या दिवशी आणा," मॅडम म्हणाल्या. "चादरीची काळजी मी करते."

पुढच्या पाळीला मनीषाला दुखायला लागलं तो तोड्याचा दिवस होता. लताचा फोन आला तशी मी डाळजला पोचले. पारूबाई दारात आडव्या. "अडचणीत बाईमाणूस तपासायला न्हेतात व्हय? लोकं काय म्हनतील? सरू द्या की दोन दिस."

दत्ता छोट्या टेम्पोत क्रेट चढवत होता. त्यानं आत डोकावून बघितलं. मनीषा भिंतीला डोकं लावून उकिडवी बसली होती, ओठ पांढरे. तो आईला म्हणाला, "आये, सर बाजूला." आणि अर्धे क्रेट खाली उतरवले. दोडका बाजारात न्यायचा दिवस चुकवणारा माणूस मी त्या भागात पहिल्यांदा पाहिला. मागे पोती अंथरली, मनीषाला त्यावर झोपवलं, मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. बारामती येईपर्यंत प्रत्येक खड्ड्याला ती माझं मनगट दाबत होती. त्या दिवशी मला कळलं की या बाया जास्त करत नाहीत. नोकरी संपत आली तेव्हा कळलं.

मॅडमनी आतून तपासलं आणि पाच मिनिटांत बाहेर आल्या. एक नाव सांगितलं, एंडोमेट्रिओसिस. माझी जीभ त्या नावाला पुढे महिनाभर वळली नाही. मग मला कळेल असं सांगितलं: पिशवीच्या आत जे अस्तर असतं, तसंच अस्तर काही बायांत पिशवीच्या बाहेरही उगवतं. आतड्याला, अंडाशयाला, कुठेही. दर महिन्याला तेही सुजतं, पाझरतं, पण त्याला बाहेर पडायला वाट नसते. आतल्या आत चिकटून बसतं. साध्या सोनोग्राफीत पुष्कळदा दिसत नाही. हिच्या पिशवीच्या मागे हाताला गाठी लागतायत, हात लावला की ओरडते. पाळी नसताना त्या इतक्या लागत नव्हत्या.

मी शकुंतलाचं विचारलं. पिशवी काढलेल्या बाईला दुखू शकतं का?

"शकतं. पिशवी काढली आणि बाहेरचं तसंच ठेवलं, तर दुखू शकतं."

म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. मी त्या बाईला तीन वर्षं गॅसची गोळी देत होते.

वाटलं, नाव सापडलं, आता सुटलो. पण नाव सापडल्यावर गोंधळ वाढला. बारामतीला गोळ्या सुरू झाल्या, आराम थोडा पडला. ऑपरेशन मात्र पुण्याला, दुर्बिणीतून, आणि तेही त्यातल्या जाणकाराकडून. पुण्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात मी मनीषाला भिगवणहून रेल्वेनं चार वेळा नेलं. स्त्रीरोगवाले म्हणाले, आतड्याला चिकटलंय, सर्जरी विभागात दाखवा. सर्जरीवाले म्हणाले, मूळ आजार बायकांचा, तिकडे दाखवा. दोन इमारतींच्या मधल्या चिंचेखाली बसून आम्ही डबा खायचो. दोघेही बरोबरच बोलत होते. या आजाराची वेगळी खिडकी नव्हती, एवढंच.

मोफत उपचाराच्या सरकारी योजनेच्या टेबलावरचा माणूस भला होता. यादी वर-खाली करून म्हणाला, "पिशवी काढायची असती तर इथं लगेच दिसतंय, ताई. पिशवी ठेवून बाकीचं काढायचं, हे कशात घालू ते सापडत नाही." पुढे त्याला सापडलं. दोन महिने लागले. तो महिन्यातून एकदा फोन करून सांगायचा की अजून सापडलेलं नाही, याचंही मला बरं वाटायचं.

तेवढ्या काळात मी तालुक्याच्या मासिक बैठकीत उभी राहिले. इतक्या वर्षांत त्या बैठकीत मी फक्त चहा आणि अहवाल यासाठीच तोंड उघडलं होतं. मी म्हटलं, साहेब, पाळीच्या दुखण्याला रजिस्टरात एक रकाना द्या. आणि बारामतीला अशी सोय ठेवा की दुखत असलेली बाई रांग न लावता थेट जाणकार डॉक्टरांसमोर जाईल. साहेब सज्जन होते. म्हणाले, "सिस्टर, रकाना वरून येतो. आपण पाडत नसतो." मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "निवृत्तीला आल्या की सगळ्यांना समाजसेवा सुचते." हशा झाला. मीही हसले, आणि आतून रडवेली झाले.

मग मी माझ्याच रजिस्टराच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं रकाने पाडले. नाव, दुखण्याची तारीख, किती दिवस, कामाला जाता आलं का. बारामतीच्या मॅडम म्हणाल्या, "दुखत असताना पाठवा, मी असेन तर बघेन." मी सात-आठ जणी पाठवल्या, चिठ्ठीवर लिहून: आत्ता दुखत आहे. शकुंतलाही त्यात होती, तिचे उपचार सुरू झाले. मग त्या मॅडमची बारामतीतली नेमणूक संपली, त्या गेल्या. पुढची बाई पाठवली ती दुपारी परत आली. काउंटरवर तिला सांगितलं होतं, "पाळी संपल्यावर या." मी कुणावर रागावणार होते? ते वाक्य माझंच होतं.

मनीषाचं पुढे काय झालं ते आधी सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. ऑपरेशन झालं. पिशवी राहिली. चार तास लागले. आता तिला पूर्वीच्या मानानं पुष्कळ कमी दुखतं, गोळ्या चालू असतात, एखादा महिना वाईट जातो. दुसरं मूल अजून नाही. होईल का, कुणी सांगत नाही. हे यश म्हणायचं की काय म्हणायचं, मला ठरवता येत नाही.

पण मला सांगायचंय ते ऑपरेशनच्या आदल्या दुपारचं. वॉर्डात मनीषा खाटेवर, दत्ता उशाशी उभा, मी पायथ्याशी. मोठे डॉक्टर कागद घेऊन आले. त्यांनी नीट समजावून सांगितलं. पिशवी ठेवून सगळं सोडवायचा प्रयत्न करू. पण ती तुम्ही आधीच काढून टाका म्हणालात, तर ऑपरेशन सोपं होईल, धोका कमी होईल. दोन्ही करता येतं. तुम्ही ठरवा आणि सही करा.

दत्तानं माझ्याकडे बघितलं. "सिस्टर सांगतील तसं."

त्यानं आईला फोन लावला. पारूबाईंचा आवाज मलाही ऐकू आला, "सिस्टरला इचार. त्यांनीच न्हेलंय."

सगळे माझ्याकडे बघत होते. सबंध नोकरीभर बाईनं काही विचारलं आणि मला उत्तर नाही असं झालं नव्हतं. खरं असो खोटं असो, उत्तर तयार असायचं. लग्न झालं की थांबतं. लेकरू झालं की थांबतं. पाळी सरली की ये. त्या दुपारी मी तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं. ठेवा म्हणावं आणि टेबलावर काही झालं तर? काढा म्हणावं, मग इतके दिवस हिला का हिंडवलं?

"मला माहीत नाही गं, मनीषा," मी म्हणाले.

दत्ता उसळला. "म्हाईत न्हाय? मंग हितवर आणलं कशाला?"

त्याचं काही चुकलं नाही. मला वाटलं, आता ही रडणार. पण मनीषा उठून बसली. पदर खांद्यावर घेतला आणि माझ्याकडे नाही, दत्ताकडे नाही, थेट डॉक्टरांकडे बघून बोलली.

"सायेब, पिशवी काढली तर दुखायचं थांबंलच का? खरं सांगा."

"खात्री देता येत नाही."

"आन ठिवली तर?"

"तरीही खात्री नाही."

"मंग ऱ्हाऊ द्या तिला," मनीषा म्हणाली. "पेन कुठाय?"

ऑपरेशनच्या कागदावर मी आयुष्यात शेकडो बायांच्या सह्या आणि अंगठे घेतले. बोट धरून शाई लावली, इथं कर, इथं कर, म्हणून दाखवलं. त्यातल्या एकीनंही आधी काही विचारलं नव्हतं, आणि विचारायला हवं हे मलाही सुचलं नव्हतं. मनीषानं सही केली, सावकाश, पूर्ण नाव लिहून. मग पेन डॉक्टरांना परत दिलं आणि मला म्हणाली, "बसा की सिस्टर, कवाच्या उभ्या हाय."